डाग म्हणजे दागिनासुद्धा: पिंगट केस, गालावरचे ठिपके आणि आपला मोबाईल

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’ काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. नेट स्लो असेल तर ऐकण्यापेक्षा हे वाचा.)

नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, जिथून कुठून ऐकताय तिथून, आणि आमच्यासारखे पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून ऐकताय तर तिथूनही, स्वागत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळं आलाय. लातूर जिल्ह्यातल्या एका भावानं पाठवली. नाव, गाव सांगत नाही, मुद्दा सांगते. तो म्हणतो, ‘ताई, माझ्या धाकट्या बहिणीचे केस लहानपणापासून पिंगट आहेत. उन्हात तर लालच दिसतात. नाकावर, गालावर बारीक बारीक ठिपके आहेत. आता दिवाळीनंतर पाहुणे बघायला येणारेत. घरात सगळे म्हणतात केस काळे करून घे, चेहऱ्याला क्रीम लाव. तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून एक ट्यूब सुरू केलीय. हे डाग खरंच जातात का?’

प्रश्न साधा वाटतो, पण यात तीन प्रश्न आहेत. एक, हे ठिपके आणि हा केसांचा रंग येतो कुठून? दोन, ते घालवायची गरज आहे का? आणि तीन, त्या ट्यूबमध्ये काय आहे? तिसरा सगळ्यात अर्जंट आहे, पण त्याचं उत्तर नीट कळायला पहिला कळावा लागतो. म्हणून क्रमानं जाऊ.

आधी शब्दाचं बघू

इंग्रजीत या ठिपक्यांना ‘फ्रेकल्स’ म्हणतात. मराठीत काय म्हणतात? मी घरी विचारलं. आई म्हणाली वांग. मावशी म्हणाली तीळ. काकू म्हणाली उन्हाचे डाग. शेजारची आजी म्हणाली, पित्तानं येतंय ते. म्हणजे आपल्याकडं याला वेगळा असा शब्दच रुळलेला नाही. तीळ वेगळा, वांग वेगळा, पिंपल गेल्यावर राहतो तो डाग वेगळा, आणि हे ठिपके वेगळे. पण आपण सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतो: डाग.

आता डाग म्हटलं की डोक्यात काय येतं? शर्टावर पडलेला. अब्रूला लागलेला. म्हणजे धुवून काढायची गोष्ट. पण गंमत बघा, आपल्याच खेड्यातल्या बायका म्हणतात, ‘लेकीच्या अंगावर सोन्याचा एक डाग नाही.’ तिथं डाग म्हणजे दागिना. शब्द तोच. कुठल्या अर्थानं घ्यायचा ते आपल्या हातात आहे.

मेलॅनिन: एक शाई, दोन रंग

चला, विज्ञानाकडं. आपल्या त्वचेत मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांचं काम रंगद्रव्य बनवायचं, म्हणजे मेलॅनिन. काळा माणूस असो की गोरा, या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो त्या किती आणि कोणत्या जातीचं मेलॅनिन बनवतात त्यात.

मेलॅनिनच्या मुख्य दोन जाती. एक काळं-तपकिरी, त्याला युमेलॅनिन म्हणतात. दुसरं लालसर-पिवळं, ते फिओमेलॅनिन. प्रिंटरमध्ये दोन कार्ट्रिज आहेत असं समजा. काळं कार्ट्रिज जास्त चाललं की केस काळे. लालसर कार्ट्रिज जास्त चाललं की केस तांबूस. आणि काळ्या शाईचा एक फायदा असतो: ती ऊन अडवते. लाल शाई ते काम फारसं करत नाही.

कोणतं कार्ट्रिज चालवायचं हे ठरवणाऱ्या बटणांपैकी एक मोठं बटण म्हणजे एमसी-वन-आर नावाचा जीन. तो १६ नंबरच्या क्रोमोझोमवर असतो. लाल केसांचा आणि या जीनमधल्या बदलांचा संबंध ब्रिटनमधल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिला. आपल्याला प्रत्येक जीनच्या दोन कॉपी मिळतात, एक आईकडून, एक वडलांकडून. दोन्ही कॉपींमध्ये तो बदल असेल तर बहुतेक वेळा केस लाल. एकाच कॉपीत असेल तर केस लाल नसतातही, पण चेहऱ्यावर ठिपके यायची शक्यता वाढते.

जगात जन्मतः लाल केसांची माणसं १ ते २ टक्के. स्कॉटलंड-आयर्लंडकडं जास्त. तिथल्यासारखे शेंदरी केस आपल्याकडं जवळपास दिसत नाहीत, कारण आपल्याकडं हे बटण सहसा काळ्या शाईच्याच बाजूला असतं. पण रंग काही एका जीनचं काम नाही. बरेच जीन मिळून ते ठरवतात. म्हणून एकाच घरात एक भाऊ कोळशासारख्या काळ्या केसांचा, दुसरीचे केस पिंगट, आणि मामाचे डोळे घारे, असं होऊ शकतं. गावात प्रत्येक गल्लीत एखादा ‘भुऱ्या’ असतोच की. त्यात कुणाचा दोष नाही आणि कुणाच्या घराण्यावर शंका घ्यायचं तर काहीच कारण नाही.

मग ठिपके काय असतात? ठिपक्याच्या जागी पेशी जास्त नसतात. तिथल्या पेशी उन्हाला जास्त जोरात उत्तर देतात, एवढंच. म्हणून हे ठिपके उन्हाळ्यात गडद होतात आणि हिवाळ्यात फिके पडतात. घरी एक प्रयोग करा: मे महिन्यातला फोटो आणि जानेवारीतला फोटो शेजारी ठेवा. फरक दिसला तर ते बहुतेक फ्रेकल्सच. तीळ असा ऋतूप्रमाणं बदलत नाही.

आणि ऊन आपल्याकडं काय असतं ते वेगळं सांगायला नको. लातूर आणि नांदेड हे दोन्ही कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळं मेच्या मध्याला एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. जुलैमध्ये परत एकदा येतो, पण तेव्हा ढग असतात. अशा उन्हात सोयाबीन खुरपणारी, तूर काढणारी, स्कूटीवर क्लासला जाणारी पोरगी, तिच्या त्वचेनं थोडी शाई जास्त वापरली तर तिनं तिचं कामच केलं.

केस पिंगट का? चार कारणं, त्यातलं एक दुर्लक्ष करण्यासारखं नाही

पहिलं, जन्मतः. बाळाचं जावळ बऱ्याचदा भुरं असतं आणि पुढं काळं होतं. काहींचं होत नाही. घरात आणखी कुणाचे तसे केस असतील, मुळापासून टोकापर्यंत रंग सारखा असेल, तब्येत चांगली असेल, तर विषय संपला. तो तुमचा रंग आहे.

दुसरं, ऊन. केस डोक्याबाहेर आला की तो मेलेला असतो, त्याला नवीन शाई मिळत नाही. ऊन त्यातलं मेलॅनिन हळूहळू फिकं करतं. म्हणून मुळाशी काळे आणि टोकाला पिंगट केस दिसले तर ते उन्हाचं काम. शेळ्यांमागं फिरणाऱ्या पोरांचे केस बघा.

तिसरं, अल्बिनिझम. यात मेलॅनिन जन्मापासूनच खूप कमी बनतं. केस पांढुरके किंवा पिवळट, कातडी खूप फिकी, डोळे उजेडात मिटतात, कधी बुबुळं हलत राहतात. यात लपवण्यासारखं काही नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणं आणि उन्हापासून जपणं गरजेचं.

चौथं नीट ऐका. लहान लेकराचे केस आधी काळे होते आणि नंतर लालसर, विरळ, ओढले की हातात येणारे झाले, तर ते सौंदर्य नाही, ती भूक आहे. प्रथिनं कमी पडली की असं होतं. या आजाराला क्वाशिओरकोर म्हणतात. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टर बाईंनी १९३० च्या दशकात, आता ज्याला घाना म्हणतात त्या देशात काम करताना तो जगापुढं मांडला. खाणं कधी मिळालं, कधी नाही, असं झालं तर एकाच केसावर काळा-फिका-काळा असे पट्टे दिसतात. पाय सुजलेले, लेकरू चिडचिडं, खेळत नाही, अशी लक्षणं सोबत असतील तर थांबू नका. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. ६ महिने ते ५ वर्षांच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण. पट्टी लाल रंग दाखवते. अशा लेकराला सरकारी दवाखान्यात न्या. ऊसतोडीला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राहणाऱ्या घरांतल्या लेकरांकडं तर आपण सगळ्यांनीच लक्ष द्यायला पाहिजे.

म्हणून मी ‘जे आहे ते सुंदर आहे’ एवढंच बोलून मोकळी होत नाही. आधी बघायचं की हा रंग तुमचा स्वतःचा आहे का शरीर काही सांगतंय. एकदा कळलं की तो तुमचाच आहे, मग लपवायचं काय?

लाल केस आपल्याला आवडत नाहीत, असं कोण म्हणतं?

नांदेडमध्ये कुठल्याही लग्नात जा. मेंदीनं दाढी केशरी केलेले चाचा दिसतील. केसांना मेंदी लावून लालेलाल झालेल्या आज्या दिसतील. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंगकण असतो, तो केसातल्या केराटिनला चिकटतो आणि पांढऱ्या केसावर नारिंगी दिसतो. आणि पार्लरमध्ये हजारो रुपये देऊन बरगंडी करून आलेली ताई तर प्रत्येक कॉलेजात आहे. म्हणजे विकत घेतलेला लाल चालतो. फुकट मिळालेल्या लालला मात्र आपण तेल लावून दाबायला बघतो.

ठिपक्यांचंही तेच. आपल्या आज्यांचे चेहरे आठवा. कपाळावर, हनुवटीवर, गालावर हिरवट ठिपके. गोंदण! सुई टोचून घेतलेले, रडत रडत काढून घेतलेले ठिपके. ते सौंदर्य होतं. बाळाला काजळाचा ठिपका लावतो. आजकाल तर पेननं खोटे फ्रेकल्स काढायचे व्हिडिओ इन्स्टावर फिरतात. चेहऱ्यावर ठिपका असणं आपल्याला कधीच वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते आपण न मागता आलेला ठिपका.

मग पिंगट मुलीला नाक मुरडायची सवय आली कुठून? तिची एक मुळी फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे. त्यात पिंगट मुलगी आहे, आजारी मुलगी आहे, अंगावर केस कमी किंवा जास्त असलेली आहे आणि फार बोलणारीसुद्धा आहे. म्हणजे पॉडकास्ट करणारी मी तर पहिल्याच फेरीत बाद! याच ग्रंथाची २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली होळी झाली. आपल्या मराठवाड्यात दर वर्षी २५ डिसेंबरला त्याची आठवण काढली जाते. पण लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण’ नावाची ओळ अजून आहेच. गोरा, निमगोरा, गहूवर्णीय, सावळा. पुस्तक जळलं, यादी व्हॉट्सॲपवर आली.

आणि नांदेडकरांनो, आपल्या शहरातच दुसरं उदाहरण पण आहे. सचखंड श्री हजूर साहिब. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथं देह ठेवला. केश, म्हणजे न कापलेले केस, हे शीख परंपरेतल्या पाच ककारांपैकी एक. त्यामागचा विचार साधा आहे: शरीर जसं मिळालं तसं मानायचं. गुरुद्वाऱ्याजवळून रोज जाताना आपण तो विचार बघतो, फक्त स्वतःला लावत नाही.

तुमचा फोन तुमच्या ठिपक्यांशी काय करतो

आता माझ्या धंद्याची गोष्ट. मी सॉफ्टवेअरवाली आहे, त्यामुळं हे सांगायला मजा येते.

बऱ्याच फोनमध्ये सेल्फी काढताना ‘ब्युटी’ मोड आधीपासूनच चालू असतो. तो काय करतो? आधी फोटोत चेहरा शोधतो. मग डोळे, नाक, ओठ कुठं आहेत ते बिंदू धरतो. मग डोळे आणि ओठ सोडून उरलेला भाग ‘कातडी’ म्हणून वेगळा काढतो आणि तेवढाच गुळगुळीत करतो.

गुळगुळीत करायची एक प्रसिद्ध रीत आहे, बायलॅटरल फिल्टर. या नावाचा शोधनिबंध तोमासी आणि मंडुची या दोघांनी १९९८ मध्ये मांडला, आणि कुठं? आपल्या मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत! रीत अशी: फोटोतला प्रत्येक पिक्सेल शेजारच्या पिक्सेलची सरासरी घेतो, पण फक्त त्या शेजाऱ्यांची ज्यांचा रंग आपल्याशी मिळताजुळता आहे. समजा गालाचा उजेड १८० आहे आणि ठिपक्याचा १६५. फरक थोडा, म्हणून ठिपका सरासरीत विरघळून जातो. पण गाल १८० आणि भुवई ६० असेल तर फरक मोठा, म्हणून भुवईची कड तशीच राहते. फोटो ब्लर झाल्यासारखा वाटत नाही, पण ठिपके गायब.

म्हणजे फोनच्या गणितात ठिपका हा ‘नॉइज’ आहे. रात्रीच्या फोटोत जी वाळू दिसते ना, तीच जात. कोडला तुमच्याशी काही वैर नाही. पण कुणीतरी बसून ठरवलं की हे बाय डिफॉल्ट चालू ठेवायचं आणि त्याला ‘ब्युटी’ म्हणायचं. आणि हे ठरवणं बदलू शकतं. गुगलनं २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांच्या पिक्सेल फोनमध्ये चेहरा सुधारायचं सेटिंग आधीपासून बंद असेल, आणि त्याला ‘ब्युटी’सारखे शब्द लावणार नाही.

रोज पन्नास वेळा स्क्रीनवर ठिपके नसलेला स्वतःचा चेहरा बघायचा आणि मग आरशात ठिपके असलेला. हळूहळू आरसा खोटा वाटायला लागतो. त्या वेळी क्रीमवाला समोर येतो.

तर आत्ता, ऐकता ऐकता, कॅमेरा उघडा. सेल्फी मोडवर जा. ब्युटी, रिटच, स्मूद, जे काही नाव असेल ते शून्यावर आणा. व्हिडिओ कॉलच्या ॲपमध्ये पण ‘टच अप’ असतं, तेही बघा.

ट्यूबमध्ये काय असतं

आता त्या भावाचा तिसरा प्रश्न.

दादा, तुझ्या बहिणीच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. फोनचा कॅमेरा झूम करून वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही लिहिलंय का? हे सगळे स्टिरॉइड आहेत. डॉक्टर ते ठरावीक आजारासाठी, ठरावीक दिवस देतात. गोरं व्हायला देत नाहीत. बऱ्याच ट्यूबमध्ये त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन पण असतं.

होतं काय, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत चेहरा खरंच उजळ दिसतो. ठिपके फिके होतात. सगळे विचारतात, काय लावतेस गं? मग कातडी पातळ व्हायला लागते. बारीक लाल शिरा दिसतात. पुरळ येतं, गालावर लव वाढते, ऊन लागलं की आग होते. घाबरून ट्यूब बंद केली की चेहरा आणखी लाल होतो, सुजतो. म्हणून परत लावतात. यातून सुटणं अवघड होतं.

ही काही एक-दोघींची गोष्ट नाही. भारतातल्या १२ केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याचा त्रास घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड क्रीम लावत होते. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ती क्रीम डॉक्टरनं सांगितलीच नव्हती. मैत्रीण, पार्लर, मेडिकलवाला, कुणीतरी सांगितली. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये सरकारनं १४ स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. कायदा झाला. काउंटरवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरा प्रकार त्याहून वाईट: ज्यावर काहीच लिहिलेलं नाही अशी डबी. ‘घरगुती’, ‘आयुर्वेदिक’, ‘परदेशातून आलेली’. यात पारा असू शकतो. पारा मेलॅनिन बनवायची क्रिया अडवतो, म्हणून कातडी उजळते. पण तो कातडीतून शरीरात जातो आणि किडनीवर बसतो. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींना अशा क्रीममुळं किडनीचा आजार झाल्याचं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोधून काढलं, २०२३ मध्ये बातम्या आल्या होत्या. केरळमध्येही अशाच केसेस सापडल्या. आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांत, डोळ्यांची काही प्रसाधनं सोडली तर, पारा मुद्दाम घालायलाच मनाई आहे. चुकून आलेला असेल तर दहा लाखात एक भाग, त्याच्यावर नाही. पण ज्या डबीवर नावच नाही तिला नियम कोण लावणार? अशी क्रीम लावणाऱ्या कुणाच्या पायाला, चेहऱ्याला सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तर डबी सोबत घेऊन दवाखाना गाठा.

आणि केस काळे करण्याबद्दल. बहुतेक काळ्या डायमध्ये आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यातही पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येते, डोळे सुजून बंद होतात. करायचंच असेल, तिची स्वतःची हौस असेल, तर कानामागं थोडं लावून ४८ तास थांबा. पण पाहुण्यांसाठी? लग्नानंतर दर महिन्याला मुळं रंगवत बसणार का ती?

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: फ्रेकल्स फिके होतात, पण कायमचे जात नाहीत, कारण ते तिच्या जीनमध्ये आहेत आणि सूर्य रोज उगवतो. ट्यूबमध्ये स्टिरॉइड असेल तर ती मनानं चालू ठेवू नका. आणि बरेच दिवस लावली असेल तर बंद करताना पण त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, ते पद्धतशीर सोडवतात. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ट्यूब खिशात घालून जा. आणि पाहुणे येतील तेव्हा ती जशी आहे तशी बसू दे. ज्यांना ठिपके खटकतात ते लग्नाआधी कळलेलं बरं.

मग करायचं काय? स्क्रीनशॉट घ्या

१. ऊन टाळा, स्वतःला नाही. स्कूटीवर स्कार्फ, शेतात रुमाल आणि पूर्ण बाह्या. आपल्या बायका नवऱ्याचा जुना शर्ट घालून खुरपायला जातात ना, ते एकदम शास्त्रीय आहे.

२. परवडत असेल तर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. वांग असेल तर रंग असलेलं, म्हणजे टिंटेड घ्या, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा चेहऱ्याला लावू नका.

३. वांग आणि फ्रेकल्स एक नाहीत. वांग म्हणजे गालांवर, कपाळावर मोठे तपकिरी पट्टे, बऱ्याचदा बाळंतपणाच्या काळात किंवा गोळ्यांमुळं येतात. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरकडं. आणि काकू-मावशीच्या गालावर येतात ते बारीक काळे उंचवटे, त्यानं काही बिघडत नाही.

४. हे मात्र दाखवा: एकच ठिपका जो बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो, वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, रक्त येतंय. तळपाय, तळहात, नखाखाली नवीन काळा डाग असेल तर विशेष.

५. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दाट ठिपके आले आणि थोड्या उन्हातही कातडी भाजते, तर लगेच दाखवा. हा झिरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा दुर्मिळ आजार असू शकतो. नात्यातल्या लग्नांत, म्हणजे मामा-भाची, मामाची मुलगी-आत्याचा मुलगा, अशा घरांत याची शक्यता वाढते. काखेत ठिपके आणि अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा-सात मोठे डाग, हेही दाखवा.

६. घरातल्या पिंगट लेकराला ‘लाल्या’, ‘भुरी’ म्हणून चिडवत असाल तर थांबवा. प्रेमानं म्हणतो, असं सगळेच सांगतात. त्या लेकराला विचारा एकदा.

जाता जाता

२००६ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ नावाचा मराठी सिनेमा आला होता. त्यातली नायिका डॉक्टर आहे आणि तिच्या अंगावर पांढरे डाग आहेत, म्हणजे कोड. देविका दफ्तरदारनी काम केलंय. लग्नाचा विषय निघाल्यावर शिकलेल्या घरातली माणसं कशी वागतात, ते त्यात दिसतं. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांसाठी बरीच वर्षं काम करते, मेळावे घेते. कोडाबद्दल मराठीत एवढं बोलणं झालं. फ्रेकल्स, वांग, पिंगट केस, याबद्दल अजून आपण कुजबुजतच बोलतो.

जगात थोडं बदललंय. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ नं नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केलं. १९७५ पासूनचं नाव होतं ते. त्याच वर्षी शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला. नाव बदललं, फिल्टर गेला, पण पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी राहणारी पोरगी अजून तीच आहे. तिच्या बाजूनं बोलायला घरात निदान एकजण पाहिजे. भाऊ बोलला तर फार चांगलं. म्हणून ती व्हॉइस नोट मला आवडली.

हा एपिसोड तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका. ट्यूब चेक करून झाल्यावर, त्यात काय निघालं ते मला व्हॉइस नोटमध्ये सांगा, नाव न सांगता सांगितलं तरी चालेल. आणि ब्युटी मोड बंद करून काढलेला एक सेल्फी, कुणाला पाठवू नका पाहिजे तर, पण स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला. पाणी प्या, ऊन फार आहे.